बारा घासांची पंगत

माझ्या भावाचा धंदा म्हणजे लोकांना तडस लागेपर्यंत जेवू घालणं, आणि त्याच्या एकुलत्या एका मुलीचा धंदा म्हणजे लोकांना घासभर वाढणं. दोघंही आपापल्या जागी नावाजलेले, दोघंही हट्टी. दोघं एका घरात जमणार असं कळलं की मी खामगावहून मिळेल त्या बसने पिंपळगाव राजाला पोचते. शाळेला सुट्टी नसली तर रजा टाकते. भूगोल कुठे पळून जात नाही.

दादाचं गावाबाहेर मंगल कार्यालय आहे. लग्न कुणाचंही असो, पंगतीत राज्य त्याचं. बुफेला तो ‘उभ्यानं चरणं’ म्हणतो आणि त्याच्या कार्यालयात ते होऊ देत नाही. खाली बसायचं, रांगेत बसायचं. आधी मीठ, मग लिंबू, चटणी, मग भाजी, मग पोळी, मग भात, त्यावर वरण, त्यावर तूप. हे सगळं शेवटच्या माणसाच्या पानात पडेपर्यंत पहिल्या माणसाने पानाला हात लावायचा नाही. मग यजमान येणार, हात जोडणार, ‘होऊ द्या सावकाश’ म्हणणार, आणि मग जेवण. एकदा एका नवरदेवाच्या मामाने यजमान यायच्या आत भजं तोंडात टाकलं. दादा वाढण्याची बादली खाली ठेवून त्याच्याकडे नुसता बघत उभा राहिला. मामाने ते भजं कसं गिळलं असेल देव जाणे.

त्याची मुलगी, माझी भाची, हॉटेलचं शिक्षण घेऊन मुंबईला गेली आणि एका अशा ठिकाणी लागली की ज्याचं नाव देशातल्या उत्तम हॉटेलांच्या यादीत दर वर्षी वर असतं. तिथे जेवायला दोन महिने आधी जागा सांगून ठेवावी लागते. बारा पदार्थ येतात, एकेक करून, प्रत्येक घासाएवढा. आणि पैसे विचाराल तर दादाचा हिशेब असा, की तिथल्या एका ताटात त्याची अर्धी पंगत उठते.

‘‘लोकाईले उपाशी ठेवाचा पगार घेते माह्यी पोरगी,’’ तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. हसत सांगायचा, पण मी त्याची बहीण आहे; ते हसू नव्हे हे मला कळायचं. त्याचे गुडघे आता कुरकुरतात. बादली उचलताना तो दुसरीकडे बघतो, म्हणजे चेहरा दिसू नये. कार्यालयाचं स्वयंपाकघर पुढे कोण बघणार, हा प्रश्न त्याच्या घशाशी कायम असतो, आणि त्याचं उत्तर मुंबईत बशीवर चिमट्याने पानं लावत बसलंय, हे त्याला सहन होत नाही.

ह्या दिवाळीत ते फुटलं. भाची घरी आली होती आणि आनंदात होती, कारण नव्या वर्षात तिथलं अख्खं स्वयंपाकघर तिच्या हाताखाली येणार होतं. तिने हे फराळाच्या वेळी सांगितलं. दादाने शेवेची वाटी खाली ठेवली.

‘‘म्हंजे आता येणारच नाई वापस?’’

‘‘बाबा, तुम्ही एकदा येऊन जेवा तं खरं. मग बोला.’’

‘‘मले कायले नेतं? घरी येऊन भूकच लागन मले.’’

‘‘नाही लागणार.’’

‘‘लागन.’’

‘‘पैज?’’

पैज म्हटल्यावर आमच्या घरातल्या माणसाला मागे फिरता येत नाही. ठरलं असं: संक्रांतीनंतर भाची इथेच, कार्यालयातच, तेच बारा पदार्थांचं जेवण करून घालणार. शेवटचा पदार्थ संपल्यावर दादा म्हणाला की पोट भरलं नाही, तर तिने नोकरी सोडून परत यायचं आणि कार्यालयाचं स्वयंपाकघर हातात घ्यायचं. भरलं म्हणाला तर त्याने हा विषय जन्मात काढायचा नाही. खोटं कुणी बोलायचं नाही. आणि पंच म्हणून मला बसवलं, कारण मी शिक्षक आहे आणि दोघांनाही सारखीच घाबरत नाही.

मी पंच म्हणून अगदीच कोरी होते असं नाही. पुण्याला एकदा शाळेतल्या बायकांबरोबर अशाच एका यादीतल्या हॉटेलात गेले होते. तिथे काचेच्या घुमटाखाली एक टिक्की आली. घुमट उचलला, भसकन धूर निघाला, सगळ्या जणी ‘अय्या’ म्हणाल्या, आणि धूर गेल्यावर जी टिक्की राहिली ती आमच्या शाळेच्या गॅदरिंगमधल्या टिक्कीच्या पासंगालाही पुरली नसती. मी तिथल्या माणसाला विचारलं, धुराचे वेगळे लावता का? बायका मला टेबलाखालून पाय मारत होत्या. तेव्हापासून माझं मत दादाच्याच बाजूचं होतं, पण पंचाने मत बोलू नये म्हणून गप्प होते. म्हणजे जमेल तितकी गप्प.

जानेवारीत भाची आली ती दोन सोबत्यांना आणि ढीगभर खोक्यांना घेऊन. सोबती तिच्याच हॉटेलातले: एक केरळचा उंच मुलगा, एक मणिपूरची हसरी मुलगी. दोघांना मराठीचा गंध नाही. हिंदी येत होतं, तेही हॉटेलपुरतं. खोक्यांत काळ्या दगडाच्या बशा, एकेक अशी जड की वहिनी म्हणाली, ‘‘याच्यावर चटणी वाटायची की काय?’’ वहिनी देऊळगाव राजाची; तिला आमची भाषा अजून अडाणी वाटते आणि आम्हाला तिची.

पहिला घोळ टेबलांचा झाला. भाचीला टेबल-खुर्च्या हव्या होत्या. पण दादाच्या कार्यालयात टेबल-खुर्च्या कुणी मागतच नाही, म्हणून त्याच्या मंडपवाल्या दोस्ताने त्या खामगावच्या एका लग्नाला देऊन टाकल्या होत्या. हे मंडपवाले भाई म्हणजे दादाचे लहानपणापासूनचे मित्र. मंडप त्यांचा, पंगत ह्याची, अशी दोघांची जोडी आमच्या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे.

‘‘बेटा, टेबल तं आता परवाच येईन,’’ भाई म्हणाले. ‘‘पाट हायेत ना. चांगले सागवानी.’’

भाचीने डोक्याला हात लावला आणि म्हणाली, ठीक आहे, पाट. तिथेच सगळं हुकलं, पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

जेवण दुपारचं. आम्ही दहा-बारा जण होतो: घरचे, भाई आणि त्यांच्या घरच्या, दोन-तीन शेजारी. वहिनीने सकाळी मागच्या दाराने सगळ्यांना बोलावून पोटभर पोहे खाऊ घातले होते. मुलीच्या जेवणानंतर कुणी भुकेलं तोंड करून तिची पैज हरवू नये, एवढाच त्या माउलीचा हेतू. मीही खाल्ले, पंच असून. भाईंनी तर दोनदा घेतले. दादाने मात्र पोह्यांकडे पाहिलंही नाही. पैज म्हणजे पैज, म्हणाला, आणि सकाळपासून दोन कप चहावर बसून राहिला. पांढरा सदरा घातला होता, केस नीट बसवले होते. स्वतःच्याच कार्यालयात तो पंगतीत पाटावर बसलेला मी पहिल्यांदा पाहत होते. हात कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं.

पहिला पदार्थ आला. काळ्या बशीत मधोमध ज्वारीची एक कुरकुरीत जाळी, पतंगाच्या कागदासारखी पातळ, आणि तिच्यावर जवसाच्या चटणीचा ठिपका. केरळच्या मुलाने हात मागे बांधून हिंदीत सांगितलं, ‘‘ये शेफ के बचपन की याद है.’’

भाईंनी बशीत वाकून पाहिलं. ‘‘याद हाय तं थोडी जास्त आठवाची होती ना बापा.’’

मला हसू फुटलं. मला नको तिथे हसू येतं आणि आलं की थांबत नाही, हे घराण्यात प्रसिद्ध आहे. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

सगळ्यांच्या समोर बशा ठेवून झाल्या. आणि कुणीच खाईना. सगळे दादाकडे बघत होते, आणि दादा स्वयंपाकघराच्या दाराकडे. मांडी घालून रांगेत पाटावर बसलेली माणसं ती. चाळीस वर्षांची सवय त्या पाटातूनच अंगात चढत होती. सगळं वाढून व्हायचं होतं, यजमान यायचा होता, हात कसा लावणार?

मी खालच्या आवाजात म्हटलं, ‘‘दादा, हे एकेक करून खायचं असतं.’’

‘‘यजमानीण आली नाई अजून,’’ तो म्हणाला. ‘‘आज तिची पंगत हाय. ती म्हणन तवा.’’

त्यात टोमणा नव्हता. तो अगदी मनापासून, पाहुणा कसा बसतो तसा बसला होता. आता त्याच्या आधी मी घास घेणार? मोठा भाऊ आहे.

थोड्या वेळाने दुसरा पदार्थ आला, कढीचा फेस, इतका हलका की पंखा बंद करायला लागला. केरळचा मुलगा पहिली बशी उचलायला वाकला. दादाने दोन्ही हातांनी बशी झाकली.

‘‘अरे! भरलं ताट उचलते का बे?’’

बरोबरच होतं. जेवणाऱ्यापुढून भरलं ताट उचलणं म्हणजे आमच्याकडे त्याला उठवून लावणंच. मुलाला शब्द कळले नाहीत, पण डोळे कळले. त्याने घाबरून हात मागे घेतला आणि दुसरी बशी पहिलीच्या पुढे ठेवली. सगळ्या रांगेत तसंच झालं. मग तिसरा पदार्थ: भाजलेल्या वांग्याचा बोराएवढा काळा गोळा. तिसरी बशी दुसरीच्या पुढे. मग तापलेल्या गोट्यावर हुरडा. गोटा निवला, हुरडा तसाच.

मी त्या मुलाला हिंदीत म्हटलं, शेफला जरा बाहेर बोलाव. तो अदबीने म्हणाला, ‘‘शेफ लास्ट में आती हैं, मॅडम.’’ तिथली रीतच तशी. स्वयंपाक करणारी बाई सगळं संपल्यावर येऊन भेटते. आणि पंगतीतून मधेच उठून जाणं आमच्या रीतीत बसत नाही. दोन्हीकडच्या रीती अशा काही एकमेकींत अडकल्या की मला पुन्हा हसू यायला लागलं.

बशा पुढे पुढे वाढत गेल्या. समोरची जागा संपली तसे आम्ही पाट मागे सरकवायला लागलो. आधी एक वीत, मग एक हात. मणिपूरची मुलगी सहावी बशी घेऊन आली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘सरका वं बाया,’’ आणि सगळी रांग एकदम, पाटांसकट, खरखर आवाज करत मागे गेली. आठव्या बशीला आमची पाठ भिंतीला लागली. समोर काळ्या दगडी बशांचं शेत पसरलेलं, आणि त्याच्या पलीकडे ती दोन परकी पोरं, हातात नववा पदार्थ घेऊन, रडकुंडीला आलेली. भाईंनी मला विचारलं, ‘‘बाई, बाहीर निघावं लागन का आता जेवाले?’’ मी भिंतीला डोकं टेकून हसत होते, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या शेजारी वहिनीही हलायला लागली होती.

आत काय चाललं होतं ते नंतर कळलं. मुलाने पाचव्या पदार्थालाच जाऊन सांगितलं होतं, ‘‘शेफ, वो लोग खा नहीं रहे. बस देख रहे हैं.’’ भाचीला वाटलं, बाबांनी सगळ्यांना बजावून ठेवलंय. हात लावायचा नाही, पैज जिंकायची. तिला राग आला. बाहेर येऊन विचारावं, तर तिच्यातला हट्ट तिच्या बापाचाच. ती म्हणाली, ‘‘पाठवत राहा.’’ गरम गरमच हवं, थंड थंडच हवं म्हणून जी मुलगी तीन दिवस झोपली नव्हती, तिने एकेक पदार्थ बशीत लावला आणि तो निवायला, वितळायला पाठवून दिला. तेव्हा तिच्या मनाचं काय झालं असेल, ह्याचा विचार आला की माझं हसू आजही आवरतं.

बारावा पदार्थ घेऊन ती स्वतः बाहेर आली. पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले, नाकाचा शेंडा लाल. तिने बशांचं ते शेत पाहिलं. भिंतीला चिकटलेली आमची रांग पाहिली. एकही घास हललेला नव्हता.

‘‘काऊन जेवले नाही, बाबा?’’ आवाज अगदी बारीक झाला होता. मुंबईत बोलते ते सगळं मराठी गळून पडलं. ‘‘मले हारवाचं होतं तं सरळ सांगायचं. अन्न काऊन असं ठेवलं?’’

दादाला काही समजेना. ‘‘हारवाचं? अवं, तू म्हटलंच कुठं?’’

‘‘काय म्हणायचं होतं?’’

‘‘होऊ द्या सावकाश,’’ दादा म्हणाला. ‘‘तुह्या पंगतीत मी कसं म्हणू? तुह्या आधी कसा हात लावू?’’

भाची त्या बशा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत गेली, आणि तिच्या लक्षात आलं की दोन तास तिचा बाप, सकाळपासून उपाशी, अकरा पदार्थ समोर ठेवून तिच्या एका शब्दासाठी हात मांडीवर ठेवून बसला होता. त्या यादीतल्या हॉटेलात येणाऱ्या बड्या बड्या पाहुण्यांत एवढा मान तिला कुणी दिला नसेल. तिने हातातली बशी खाली ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, ‘‘होऊ द्या सावकाश.’’

मग जे झालं त्याला जेवण म्हणतात की अजून काही, मला माहीत नाही. पाट सरसर पुढे आले. भाईंनी ज्वारीची जाळी कढीच्या फेसात चुरली, म्हणजे फेस जाऊन जे पाणी राहिलं होतं त्यात, आणि वर वांग्याचा गोळा फोडला. ‘‘भाई, ते एकत्र नका करू,’’ भाची म्हणाली. मग शेजारच्या काकूंनी हुरड्यात अंबाडीचं सरबत ओतलं. ‘‘काकू, ते वेगळं... बरं, खा.’’ तिने हात टेकले. मणिपूरच्या मुलीला वहिनीने ओढून पाटावर बसवलं. केरळचा मुलगा भिंतीशी उभा राहून आमच्याकडे असा बघत होता की हे आता कुठे जाऊन सांगायचं, आणि कोण विश्वास ठेवणार.

मी माझ्या बशा क्रमाने खाल्ल्या. पंचाने नीट खावं. आणि मला हे सांगायलाच हवं, मी पुण्याहून रागावून आलेली बाई आहे: ते जेवण निवलेलं, वितळलेलं, बसकं झालेलं असूनही मला असं काही खाल्ल्याचं आठवत नाही. ओल्या तुरीच्या दाण्यांची एक वडी होती. तुरीचे सोले मी जन्मभर खात आलेय, भातात, भाजीत. पण त्या वडीत नुसतीच तूर होती. शेंग सोलताना बोटांना येतो तो हिरवा वास, तो चवीत आला होता. वांग्याच्या त्या गोळ्यात अख्ख्या भरताचा धूर होता, आणि त्यासाठी काचेचा घुमट लागला नव्हता. यादीतली सगळी हॉटेलं त्यांच्या पैशाला जागतात का, ते मी कशी सांगू? धुराचे पैसे घेणारेही त्याच यादीत बसलेत. पण एका घासात कुणाची किती मेहनत मावते, ते मला त्या दुपारी जिभेला कळलं. घास गिळल्यावर मी जरा वेळ पुढच्या बशीला हात लावला नाही. पोटात पोहे असूनही.

हळूहळू सगळे गप्प झाले. आमच्या पंगतीत गप्प होणं म्हणजे स्वयंपाक्याला पावती. दादा बशीवरून बशीवर जात होता, मान खाली घालून, बोटं चाटून पुसून. तुरीची वडी संपली. वांगं संपलं. तिळगुळाचा पापुद्रा संपला. एक बशी राहिली होती, ठेच्याच्या आइस्क्रीमची. दिवाळीत भाचीने हा पदार्थ नुसता सांगितला होता तेव्हा दादा अर्धा तास हसला होता. मिरचीचं आइस्क्रीम! गावभर सांगून आला होता. आता त्याचं आइस्क्रीम काही राहिलं नव्हतं. बशीच्या खळग्यात हिरवट दूध साठलं होतं, वर शेंगदाण्याचे चार कण.

त्याने बशी दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडाला लावली. एका दमात प्यायला. मग बशी खाली ठेवली. कान लाल झाले होते.

‘‘हे अजून हाय का?’’ तो म्हणाला.

सगळी पंगत थांबली. भाईंचा घास हातात राहिला. वहिनीने माझ्या दंडाला चिमटा काढला, म्हणजे हाडापर्यंत.

कारण पैज सगळ्यांना माहीत होती. जो अजून मागतो, त्याचं पोट भरलेलं नसतं.

‘‘नाही, बाबा,’’ भाची म्हणाली. ‘‘आमच्याकडे नेमकं करतो. संपलं.’’ तिने माझ्याकडे पाहिलं. ‘‘आत्या, मी हरले?’’

आता मी काय सांगणार? नियमाने ती हरली होती. मी दादाकडे पाहिलं. तोंडातून निघून गेलं ते त्याच्याही आता ध्यानात आलं होतं. कार्यालय, स्वयंपाकघर, म्हातारपणी मुलगी जवळ, सगळं त्याच्यापुढे आयतं येऊन पडलं होतं. त्याने फक्त हो म्हणायचं होतं, भूक आहे म्हणायचं होतं. मी त्याला ओळखते; त्याला ते हवं होतं. त्याच्या ओठांपर्यंत आलंही असेल.

त्याने पोटावर हात ठेवला.

‘‘पोट तं मघाच भरलं माय,’’ तो म्हणाला. ‘‘भरल्या पोटी मागून राह्यलो मी.’’

चाळीस वर्षं हा माणूस भरल्या पोटांना आग्रह करत आला. पानावर आडवे धरलेले हात बाजूला सारून जिलब्या वाढल्या, शपथा घातल्या, ‘माह्यासाठी एक’ म्हणाला. लोकांनी खाल्लं, त्याचं मन राखायला. त्या दुपारी त्याच्या मुलीने एकदाही ‘अजून घ्या’ म्हटलं नव्हतं, आणि त्यानेच आपणहून अजून मागितलं होतं. मी निकाल दिलाच नाही. मला मेलं हसू येत होतं, कारण त्याच्या मिशीला हिरवं लागलं होतं.

भाची त्याच्या शेजारी जमिनीवरच बसली, पांढऱ्या कोटासकट. ‘‘ते वितळलेलं होतं, बाबा. तसं नसते खात.’’

‘‘मंग वितळवूनच देत जाय ना लोकाईले. मस्त लागते.’’ त्याने सदऱ्याच्या बाहीने मिशी पुसली आणि दुसरीकडे बघितलं, बादली उचलताना बघतो तसं. ‘‘तिकडं जागा कवा भेटते म्हने? तुह्या नावावर नको. मी पैसे भरून येईन, लोक येते तसा.’’

‘‘दोन महिने आधी सांगावं लागते.’’

‘‘बापालेबी?’’

‘‘बापालेबी.’’

दादाने मान हलवली. आतून त्याला केवढा आनंद झाला होता, ते लपवता येईना.

‘‘मंग आजच सांगून ठेव,’’ तो म्हणाला.